राणीची उजवी बाजू

कौमुदीला देवाधर्माचं वेड कधीच नव्हतं. तरी तिची नोकरी गोत्यात आली ती एका पूजेपायी, आता बोला.

इतिहासात एम. ए. करून ती मिरजेहून जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनला आली, लग्न करून. नवरा प्रसन्न त्सुफेनहाउझेनला इंजिनियर. इथे तिच्या एम. ए.ला काळं कुत्रं विचारत नव्हतं. भाषा शिकण्यात तीन वर्षं गेली, मग जवळच्या गावातल्या एका छोट्या संग्रहालयात खुर्चीवर बसून लोकांना 'हात लावू नका' म्हणायचं काम मिळालं. ते तिने इतकं मन लावून केलं, की २०१६ साली तिला वस्तू मांडणाऱ्यांच्या हाताखाली घेतलं. सहा महिन्यांचा प्रोबेत्साइट, म्हणजे परीक्षेचा काळ. तो त्या शुक्रवारी संपणार होता आणि सोमवारी कायमच्या करारावर सही व्हायची होती. मिरजेला पेढ्यांची भाषाही सुरू झाली होती.

नवं प्रदर्शन होतं स्पेनच्या इसाबेल राणी आणि फर्नांडो राजावर. दोघांनी जोडीने राज्य केलं, ग्रानाडा जिंकलं, कोलंबसाला समुद्रापार धाडलं. कौमुदीला ही राणी आवडायची, पण आंधळेपणाने नाही. ज्यू लोकांना देशाबाहेर काढणाऱ्या हुकमावर राजाइतकंच तिचंही नाव होतं. म्हणजे बाई पराक्रमात वाटेकरी आणि पापातही. नवऱ्याच्या नावावर काही ढकलायची सोय तिने ठेवली नव्हती.

स्पेनमधल्या एका चर्चने या दोघांच्या हातभर उंचीच्या लाकडी मूर्ती उसन्या दिल्या होत्या. गुडघे टेकून, हात जोडून प्रार्थना करणाऱ्या. सोबत चर्चची एक बाई आली होती आणि तिची अट एकच: तिच्या गैरहजेरीत मूर्तींना कुणी बोटही लावायचं नाही.

गुरुवारी दुपारी सगळे कॉफीला गेले. कौमुदी एकटी मागे राहून माहितीच्या चिठ्ठ्या चिकटवत होती. तिची नजर वर गेली. राणी राजाच्या डावीकडे बसली होती. प्रार्थनेला, आणि डावीकडे?

गेल्या वर्षी सासूबाई आल्या होत्या तेव्हा घरी सत्यनारायण झाला. गुरुजी मिरजेहून स्काइपवर, आणि धुराने छतावरचा अलार्म बोंबलू नये म्हणून खिडक्या सताड उघड्या. कौमुदी प्रसन्नच्या डावीकडे बसली, तशा सासूबाई म्हणाल्या, "अगं, पूजेला बायको उजवीकडे. आणि त्याच्या हाताला हात लाव. तो करेल त्याचं पुण्य तुलाही मिळतं." दोन तास ती त्याच्या हाताला बोटं टेकवून बसली होती. कंटाळली होती, पण ते अंगात मुरलं असावं.

कारण तिने हातमोजे चढवले, राणी उचलली, राजा सरकवला आणि राणीला त्याच्या उजवीकडे ठेवलं. कुणीतरी चुकून उलटं मांडलंय, एवढंच तिच्या मनात आलं. दोन वर्षं लोकांच्या हातांवर नजर ठेवणारी ही बाई.

शुक्रवारी सकाळी चर्चची बाई हातात फोटो घेऊन मूर्तींपुढे उभी राहिली आणि तिचा चेहरा उतरला. संग्रहालयाच्या प्रमुख फ्राउ झायबोल्ड यांनी सगळ्यांना दालनात बोलावलं.

"काल दालन शेवटी कुणी बंद केलं?"

"मी," हेर, म्हणजे श्रीयुत, फोगेल म्हणाले. म्हातारे सुतार, पेन्शनला आठ महिने उरलेले. लाकडी वस्तू खालून दोन्ही हातांनी कशी उचलायची, ते कौमुदीला त्यांनीच शिकवलं होतं.

"तर मग, अकरा वाजता मला चर्चला नाव कळवायचंय," फ्राउ झायबोल्ड त्यांच्याकडे बघत म्हणाल्या. "नाही तर ते मूर्ती परत नेतील."

आपण काय करून बसलो, ते कौमुदीला आत्ता कळलं. तिथेच बोलायला हवं होतं, पण ती बाहेर पळाली आणि प्रसन्नला फोन लावला.

"तू एक शब्द बोलू नकोस," तो म्हणाला. "मी मीटिंग सोडून निघतो. सांगू, की तुला नियम नीट कळला नव्हता. लँग्वेज प्रॉब्लेम."

"नियम मला पाठ आहे, प्रसन्न."

"ते त्यांना कुठे माहितीये? किंवा सरळ गप्पच राहू. त्या फोगेलना कोण काय करणारे? इथलेच आहेत ते."

पाऊण तास ती जिन्याजवळ उभी होती. फ्राउ झायबोल्ड यांच्या खोलीच्या काचेतून हेर फोगेल दिसत होते, टोपी मांडीवर घेऊन बसलेले. एकदा त्यांनी तिच्याकडे पाहून मान हलवली, घाबरू नकोस अशी. तिला स्वतःची लाज वाटली.

पावणेअकराला प्रसन्न आला आणि दोघं आत गेली. परदेशी लोकांच्या कचेरीत, बँकेत, डॉक्टरकडे, सगळीकडे तोच बोलत आला होता आणि ती शेजारी बसत आली होती. आजही फ्राउ झायबोल्ड सवयीने त्याच्याचकडे वळल्या. त्याने घसा खाकरला. "तर, फ्राउ झायबोल्ड, माझ्या पत्नीला..."

"थांब, प्रसन्न," कौमुदी मराठीत म्हणाली. मग जर्मनमध्ये, अडखळत, पण शेवटपर्यंत: "मूर्ती मी हलवल्या. नियम मला माहीत होता. हेर फोगेलना यातलं काहीच माहीत नाही." का हलवल्या, तेही सांगितलं. ते तर आणखीच वेडगळ वाटलं.

फ्राउ झायबोल्ड यांनी कागदावर तिचं नाव लिहिलं. "सोमवारचा करार आता मी देऊ शकत नाही. हे कळतंय ना तुम्हाला?"

"हो," कौमुदी म्हणाली.

जबाबाचा कागद पुढे आला. खाली सहीची एकच रेघ होती. तिने पेन उचललं. प्रसन्न तिच्या उजवीकडे बसला होता. त्याने आपली बोटं हलकेच तिच्या सही करणाऱ्या हाताला लावली आणि सही पुरी होईपर्यंत तिथेच ठेवली.