अजून थोडे दिवस, अप्पा

ही गोष्ट मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेली नाही. बहिणीला नाही. घाटावर डोळे मिटून नर्मदेला हात जोडले, तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. बसा. फक्त मध्ये बोलू नका — मध्ये कोणी बोललं की मी विषय बदलते, ही माझी जुनी खोड आहे.

माझे सासरे गेले. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. थंडीचे दिवस आहेत, दुपारी जेवून जरा आडवी झाले की डोळा लागतो आणि अंगणातून अप्पांचा आवाज यायला लागतो. शब्द कळत नाहीत, नुसता सूर. उठून बघते तर कोवळं ऊन, वाळत घातलेली गोधडी आणि भिंतीला टेकवलेली त्यांची सायकल. मी पुन्हा पडते. पुन्हा तोच सूर. खरं सांगू? मला जागं व्हायचंच नसतं.

अप्पा बोलायचे म्हणजे किती बोलायचे! इथे जबलपूरला रांझीच्या कारखान्यात नोकरी झाली, रोज सायकलने जाणं-येणं, आणि वाटेतल्या प्रत्येक चहावाल्याशी ओळख. सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि त्यांची वाचा गेली, तेव्हा अप्पांनी दोघांचं बोलणं एकट्याने करायला घेतलं. त्यांची वेणी घालता घालता विचारायचे, "आज काय भाजी करू?" मग सासूबाईंचा आवाज काढून उत्तर द्यायचे, "वांगी नका करू, मेलं रोज रोज वांगी!" आणि सासूबाई अर्ध्या ओठांनी हसायच्या. त्या गेल्या त्या दिवसापर्यंत अप्पांनी त्यांना कधी गप्प पडू दिलं नाही. असा नवरा मी दुसरा पाहिला नाही. बापही तसाच — मुलाला ताप आला की रात्रपाळी करून आलेला माणूस उशाशी बसून गोष्टी सांगायचा, असं हे अजून सांगतात.

आणि आजोबा? तिथेच तर मी आले ना मध्ये.

मी पुण्याची. लग्न होऊन जबलपूरला आले तेव्हा माझं नाक जरा वरच होतं. अप्पा "काय करून राहिली सूनबाई?" म्हणाले की मला आतून हसू यायचं. "काहून" हा शब्द तर कानात खडा गेल्यासारखा टोचायचा. का म्हणा, कशाला म्हणा — काहून काय? तोंडाने मात्र मी गोड होते. मी नेहमीच तोंडाने गोड होते.

माझा ईशान उशिरापर्यंत बोलेना. त्याच्या वयाची मुलं कविता म्हणायची आणि हा नुसता टकमक बघायचा. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, काळजी करू नका, याच्याशी भरपूर बोला, घरातल्या सगळ्यांनी बोला. अप्पांना काय, तेच हवं होतं! सकाळपासून नातू कडेवर आणि बडबड सुरू. "हे पाह्य, ही मुंगी काहून पळून राहिली? तिला घाई आहे न! तिची आई वाट पाहून राहिली!" सगळं अंगण भरून जायचं त्या बोलण्याने.

आणि एका सकाळी ईशान बोलला. पेरूच्या झाडावरून पोपट उडाला, त्याने बोट दाखवलं आणि स्पष्ट म्हणाला — "काहून?"

अप्पा नाचले हो! म्हातारा माणूस, धोतर सावरत अंगणात नाचला. गल्लीत पेढे वाटले. सासूबाई तेव्हा होत्या, त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मलाही आनंद झाला होता — झाला होता, शप्पथ. मग मी ताईला पुण्याला फोन लावला. ताई इतकी हसली, इतकी हसली! "अगं, पहिला शब्द काय, तर काहून?" मीही हसले तिच्याबरोबर. फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते.

पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे मी एकटीच ईशानला घेऊन गेले. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, आजोबांना सांगा, असंच चालू ठेवा.

घरी आले. अप्पा दारातच उभे होते. आणि मी म्हणाले — चप्पलही काढली नव्हती — मी म्हणाले, "अप्पा, डॉक्टर म्हणाले, घरात वेगवेगळी बोली ऐकून मूल गोंधळतं. त्याच्याशी सध्या मी एकटीनेच बोलायचं."

ते रागावले असते तर? एक शब्द उलटा बोलले असते तर मी कदाचित थांबले असते. त्यांचा चेहरा एवढासा झाला. म्हणाले, "पोराला माझ्यानं त्रास होऊन राहिला होता काय? मग आधी काहून नाही सांगितलं, बेटा?"

त्या दिवसापासून अप्पा नातवाशी बोलले नाहीत. तो जवळ आला की खांद्यावरचा गमछा तोंडावर धरायचे, आपल्याच तोंडाचा भरवसा नसल्यासारखे. पोराला वाटायचं, खेळ आहे. खिदळायचा. अप्पा त्याला खांद्यावर घेऊन गच्चीत चंद्र दाखवायचे, बोटाने. सायकलवर पुढे बसवून घाटावर न्यायचे, वाटभर नुसती घंटी वाजवत. बाकी जगाशी बोलणं तसंच होतं, दूधवाल्याशी, गाईशी, सासूबाईंशी. फक्त या एकाशी नाही. डॉक्टरने सांगितलं होतं ना!

एक सकाळ मला स्वप्नासारखी आठवते. ग्वारीघाटावर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. अप्पा आणि ईशान नावेत, मी पायऱ्यांवर. ईशान तेव्हा चांगला चुरूचुरू बोलायला लागला होता — माझ्यासारखं, "का" आणि "कशाला" म्हणत. पाण्यात हात घालून त्याने अप्पांना काहीतरी विचारलं. अप्पांनी तोंड उघडलं. मग वळून माझ्याकडे पाहिलं. आणि तोंड मिटलं. नाव हळूहळू धुक्यात गेली, पोराचा आवाज तेवढा येत राहिला.

त्या संध्याकाळी मी पोळ्या करत होते. अप्पा स्वयंपाकघराच्या दारात आले. "सूनबाई, आता तर मस्त बोलून राहिला तो. आता बोलू का मी त्याच्याशी?"

काय हरकत होती? सांगा ना, काय हरकत होती? पण आदल्याच दिवशी फोनवर ताई म्हणाली होती, किती गोड आणि शुद्ध बोलतो गं! मी तव्यावरची पोळी उलटली आणि म्हणाले, "अजून थोडे दिवस, अप्पा."

"अच्छा," म्हणाले. "चलो, थांबतो."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मीही पुन्हा सांगितलं नाही. ईशान शाळेत गेला, मित्र हिंदी, अभ्यास हिंदी-इंग्रजी, आणि माझं ते शुद्ध मराठी कुठल्या कुठे वाहून गेलं. घरात त्याला मराठी कळतं, बोलतो मात्र हिंदीत. अप्पांची सवय तोवर मोडली होती. तो समोर आला की जुन्या पाहुण्यासारखे नुसते हसायचे. "खाना खाया?" एवढंच. आणि गंमत बघा — मीच आता "भाजीवाल्याशी भांडून राहिले" असं म्हणते. ताई हसते. हसू दे.

तेरवीला घर भरलं होतं. जो तो सांगत होता, अप्पा मला असं म्हणाले, अप्पांनी मला ही गोष्ट सांगितली. दूधवाल्याकडेसुद्धा सांगायला होतं. ईशान पंगतीत पाणी वाढत होता. एवढा उंच झालेला मुलगा, तांब्या हातात धरून प्रत्येकाचं ऐकत उभा राहायचा आणि पुढे सरकायचा. त्याला कोणी विचारलं, "तुझे क्या बोलते थे अप्पा?" तो म्हणाला, "कुछ नहीं."

सगळे गेल्यावर तो अंगणात अप्पांच्या सायकलपाशी उभा होता. घंटीवर अंगठा होता, वाजवत नव्हता. मी चहा घेऊन गेले. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, अप्पा सबसे बात करते थे. बस मुझसे नहीं." आणि किती वर्षांनी, मराठीत — अप्पांच्या मराठीत — म्हणाला, "काहून?"

मी म्हणाले, "मला काय माहीत, बाळा. चहा घे, थंड होऊन राहिला."