सोडलं न्हाई, काढलं

म्हसवडच्या पुढच्या माळावरच्या एका गावात हरणाबाई कोळेकर राखीव जागेवरून सरपंच झाल्या. मेंढरांमागं फिरलेली बाई, सांगू तिथं सही करील, असं उपसरपंच उदयसिंहांना वाटलं होतं. त्यांनीच हरणाबाईंना निवडणुकीला उभं केलं होतं.

पहिली दोन वर्षं बरी गेली. मग गायरान सौरऊर्जेच्या कंपनीला द्यायचा ठराव निघाला आणि हरणाबाईंनी तो अडवला. "मेंढरं चरायची कुठं?" एवढंच त्या म्हणाल्या.

उदयसिंह टाइप केलेला राजीनामा घेऊन घरी आले. कारण लिहिलं होतं, प्रकृती बरी नाही.

"वैनी, सही करा. मानानं पायउतार व्हा."

"मला काय धाड भरलीय? परवा औंधाला यमाईचा डोंगर चढून आले मी."

"मग अविश्वास आणून काढाय लागंल."

"काढा की."

म्हणाल्या खऱ्या, पण सभेची तारीख लागली तशी त्यांना घर खायला उठलं. चहा उतू जायचा. रात्री अंथरुणाला पाठ टेकेना. सून प्रांजल काकुळतीला आली.

"आत्या, द्या की राजीनामा. चारचौघांत काढत्याल, ते बरं दिसंल व्हय?"

"दिला तर मीच सोडलं असं हुतंय, पोरी. मला सोडायचं न्हाई. त्यास्नी काढायचं हाय. मग कोण काढतंय, ते गावाला दिसू दे."

तहसीलदारांपुढं सभा झाली. एकेका सदस्याचा हात वर गेला. चुलतदीर धनाजीचा हात अर्ध्यात थांबला, उदयसिंहांनी बघितल्यावर पुरता वर गेला. सदस्य बायांपैकी एकट्या अंजनाचा हात मांडीवरच राहिला. अविश्वास ठराव मंजूर.

हरणाबाई बाहेर आल्या. पारावरच्या माणसांना त्या म्हणाल्या, "मी सोडलं न्हाई. मला काढलं. कशापायी, ते तुमास्नी ठावं हाय."

ते वाक्य वस्त्यावस्त्यांवर फिरलं. पुढच्या ग्रामसभेला बाया ट्रॉल्या भरून आल्या आणि गायरानाचा ठराव पडला. उदयसिंह उठता उठता म्हणाले, "पुन्हा आणू."

ते आणणार, हे हरणाबाईंना माहीत आहे. धनाजी अजून दारात आलेला नाही आणि त्यांनीही बोलावलेलं नाही. गायरानाकडं अनोळखी गाडी वळली, की त्या पुढ्यातलं ताट सरकवतात आणि खरकट्या हातानंच बाहेर पडतात.