चिखलातली आठ पावलं

हे आईला माहीत नाही. बाबांना नाही, स्टुडिओत शेजारी बसणारीला नाही. आणि जिला माहीत असायला हवं होतं, तिला तर नाहीच. चार वर्षं झाली. मी एरवीही कमी बोलते, त्यामुळे मी काही लपवते आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही. गप्प माणसाची ही एक सोय असते.

माझी शाळा इंग्रजी. मराठी हा फक्त एक विषय होता आणि वेलांट्या अजून चुकतात. इंग्रजीत हे मी जास्त सफाईने लिहिलं असतं, म्हणूनच इंग्रजीत लिहीत नाही. का, ते पुढे येईल.

त्या वर्षी मी डोंबिवलीहून ठाण्याला ॲनिमेशनच्या कोर्सला जायचे. नौपाड्यात एका साड्यांच्या दुकानावरचा मजला होता. अकरा विद्यार्थी आणि एक सर. कंप्युटर एकच, तोही कापडाखाली झाकलेला. सगळं काम हाताने व्हायचं. काचेची टेबलं, काचेखाली ट्यूबलाइट, त्यावर एकावर एक कागद ठेवून खालचं चित्र वर उमटवायचं. दिवसभर खालून उजेड आल्यामुळे आम्ही सगळे आजारी दिसायचो.

माझ्या शेजारी वनिता बसायची. कळव्याच्या बाजूला, खाडीला लागून त्यांची कोळ्यांची वस्ती. शाळा मराठी, ड्रॉइंगच्या दोन्ही सरकारी परीक्षांत ए ग्रेड. ती मला नावाने कधी हाक मारायची नाही. "ए डोंबिवली, रबर दे." "ए डोंबिवली, जेवलीस का?" ती सतत बोलायची आणि मी सतत ऐकायचे, म्हणून वर्गातली मुलं आम्हाला म्हणायची — एक साउंड, एक पिक्चर. वनिता त्यांना म्हणायची, तुमचं तर दोन्ही गेलंय, फक्त काळी पट्टी चालू आहे.

मी अजून मुद्द्यावर आले नाही, हे मला कळतंय. पण आधी काम कसं चालतं ते सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते समजणार नाही. की मी नुसताच उशीर करते आहे? असेल.

कार्टूनमधला माणूस चालतो तेव्हा त्याची महत्त्वाची चित्रं एकजण काढतो — पाऊल टेकलं, भार पडला, पाऊल उचललं. त्यांना ‘की’ म्हणतात, इंग्रजीतली किल्ली. ती कच्ची असतात, निळ्या पेन्सिलीने काढलेली, दहा रेघांतली एक खरी. मग दुसरा माणूस त्या कच्च्या कागदावर कोरा कागद ठेवतो आणि एकच स्वच्छ रेघ ओढतो. त्याला क्लीनअप म्हणतात. मधली चित्रंही तोच भरतो. शेवटी कॅमेऱ्याखाली जातो तो स्वच्छ कागद. म्हणजे कल्पना एकीची, जीव एकीचा, आणि दिसते ती रेघ दुसरीची.

माझी रेघ स्वच्छ होती. सर म्हणायचे, तुझी रेघ छापल्यासारखी आहे, पण तुझ्या माणसांना वजन नाही, पंखा लावला तर उडतील. खरं होतं ते. माझ्या बायका फरशीवर सपाता घालून चालल्यासारख्या चालायच्या.

वर्षाअखेरीला जोडीने एक छोटी फिल्म करायची होती, ज्यात वजन दिसलं पाहिजे. वनिता म्हणाली, माझ्या आईला काढू. ओहोटी लागली की तिची आई खाडीच्या चिखलात उतरायची, निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, आणि चिंबोऱ्या धरायला. मी एकदा बघायला गेले. आम्ही दोघी बांधावर बसलो. वनिताच्या मांडीवर वही होती, माझ्याही होती. तिची आई गुडघाभर चिखलात होती. तिने मान वर करून लेकीला हाक मारली, "अगो, मना काय बगतेस? ये, पाटी धर." मग माझ्याकडे बघून हसली. दुपारी तिने मला भात आणि निवट्यांचं कालवण वाढलं. आमच्या घरात मासे नसतात. मी खाल्लं. फार चांगलं होतं.

वनिताने त्या बाईची आठ पावलं काढली. अडतीस की होत्या. मला मधली चित्रं भरायची होती, आणि मी ती शिकवल्याप्रमाणे सारख्या अंतराने भरली. वनिताने कागद बोटांत धरून फडफडवले, पाहिले आणि अर्धे परत केले. म्हणाली, "असं नसतं गं. चिखल प्रत्येक पाऊल सारखं सोडत नाय." मग दाखवलं — पाय पाच चित्रं जागचा हलतच नाही, नुसता खांदा हलतो, मान पुढे जाते. आणि मग एकदम पाय सुटतो, आणि कंबर दुसऱ्या बाजूला पडते. त्या पडण्यात त्या बाईची सगळी वर्षं होती. मी काही महिने ती आठ पावलं गिरवत होते. मला ठाऊक होतं माझ्या हाताखाली काय आहे ते.

वनिताला घरून एकच वर्ष मिळालं होतं. वर्षात या लाइनमध्ये नोकरी लागली तर ठीक, नाहीतर तिच्या मामाने वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात शब्द टाकून ठेवला होता. हे तिने मला कितीदा सांगितलं होतं. माझं तसं काही नव्हतं. मला बाबांनी आणखी एक कोर्स करू दिला असता, दोन करू दिले असते. हे मी इथेच लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला त्याची ढाल करता येणार नाही.

मुंबईच्या एका स्टुडिओतून दोघंजण आमचं काम बघायला येणार होते. अकरांतून एकाला घेणार होते.

आमच्याकडे एक पद्धत होती. स्वच्छ कागदाच्या कोपऱ्यात क्लीनअप करणाऱ्याने आपल्या नावाची अक्षरं लिहायची, आणि ते चित्र ‘की’ असेल तर अक्षरांशेजारी छोटं वर्तुळ काढायचं. वर्तुळात की काढणाऱ्याने स्वतःच्या हाताने आपली अक्षरं लिहायची. आमची अडतीस वर्तुळं रिकामी होती. वनिता म्हणाली होती, त्या दिवशी सकाळी आल्यावर एकदमच भरते, उगाच आधीपासून नजर नको लागायला.

त्या सकाळी मी लवकर पोचले. सर आले नव्हते, बाकी मुलं खाली चहाच्या टपरीवर होती. सरांच्या टेबलावरचा फोन वाजला. मी उचलला. वनिता होती. आईच्या पायात चिखलातली बाटलीची काच गेली होती, बरीच आत. ती तिला घेऊन सिव्हिलला निघाली होती. म्हणाली, "मी बारापर्यंत येते. तू दाखव आपलं. आणि ऐक ना — सगळ्या की माझ्या आहेत, ते सांगशील ना?"

मी म्हटलं, "हो."

फोन ठेवला. आणि मग — हे लिहायला मला चार वर्षं लागली — मी टेबलाशी बसले, पेन्सिल टोकदार केली, आणि त्या अडतीस वर्तुळांत एक-एक करून माझी अक्षरं लिहिली.

हात थरथरला का? नाही. अक्षर फार छान आलं. मधे थांबता आलं असतं का? अडतीस वेळा थांबता आलं असतं. मी विचार काय करत होते, असं तुम्ही विचाराल. मला आठवतं ते एवढंच, की सगळी वर्तुळं एकाच मापाची दिसावीत याकडे माझं लक्ष होतं.

ते दोघे साडेदहाला आले. एक बाई आणि एक गृहस्थ. गृहस्थांनी आमचा गठ्ठा हातात घेतला, फडफडवला आणि थांबले. परत फडफडवला. मग इंग्रजीत विचारलं, या की कोणाच्या? वर्गात कधी तोंड न उघडणारी मी उठून उभी राहिले. आय डिड दीज, मी म्हटलं. त्यांनी विचारलं, असं चालणं कुठे पाहिलंस? आणि मी सांगत सुटले — खाडी, ओहोटी, बांध, ती बाई खांद्याने कशी चालते, चिखल प्रत्येक पाऊल सारखं सोडत नाही. वनिताचं वाक्य इंग्रजीत फारच सुंदर वाटलं. त्या बाईने ते वहीत लिहून घेतलं. मी इतकी चांगली बोलू शकते हे मलाही माहीत नव्हतं.

वनिता बाराच्या आधी आली. ओढणीवर रक्ताचा डाग होता. सरांच्या मनात काहीतरी शंका असावी, कारण त्यांनी ते दोघे समोर बसलेले असतानाच तिला विचारलं, यातलं तुझं काय? ती म्हणाली, "सगळ्या की माझ्या आहेत, सर." आणि हसून माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, मी सांगितलंच असेल. सरांनी कोपरे दाखवले. तिने एक कागद बघितला, मग दुसरा, मग तिसरा. सर म्हणाले, तुझे रफ कागद दाखव, म्हणजे प्रश्नच मिटेल. रफ माझ्याकडे होते, क्लीनअपसाठी घरी नेलेले. ती माझ्याकडे वळली. "कुठेत गं?"

मी म्हटलं, "टाकले. कचरा झाला होता नुसता."

मग त्या दोघांकडे वळून इंग्रजीत म्हटलं — शी हेल्प्ड मी अ लॉट.

तिने मला खूप मदत केली. किती सभ्य वाक्य आहे, नाही? आवाज शांत होता, चेहऱ्यावर थोडी दयाही असेल. वनिताला इंग्रजी तुटक समजायचं, पण एवढं समजलं. आणि रफ कागद त्या वेळी माझ्या पायाशी होते. माझ्या कापडी पिशवीत. पिशवी माझ्या पायाला लागत होती.

सर तिला म्हणाले, बस, एक पाऊल आता काढून दाखव. ते न्यायानेच वागू पाहत होते. पण वनिता म्हणाली, "मी कशाला काढू? चोरी मी केली काय?" तिचा आवाज चढला होता, भाषा घरची झाली होती. समोरचे दोघे अवघडले, घड्याळाकडे बघू लागले. ती आपली पट्टी आणि पेन्सिलीचा डबा घेऊन निघून गेली. काढून दाखव, असं मला कोणीच म्हटलं नाही. का? मी शांत होते म्हणून? माझे उच्चार नीट होते म्हणून? खाली तिचा कागद नसता तर मला तेव्हा एक पाऊलही काढता आलं नसतं.

त्यांनी मला घेतलं.

रफ कागद मी घरी नेऊन रद्दीच्या गठ्ठ्यात, वर्तमानपत्रांच्या मधे घातले. रविवारी रद्दीवाला आला तेव्हा आईला म्हटलं, तू बस, मी देते.

स्टुडिओत पहिल्या वर्षी मी क्लीनअप केलं, मग मला की दिल्या. सीडीवर खेळायच्या एका परदेशी गेमचं काम होतं. त्यात दलदलीतून येणारा एक राक्षस होता, थुलथुलीत, अंगावर शेवाळ. त्याचं चालणं जड हवं होतं, आणि मला एकच जड चालणं येत होतं. महिनोन्‌महिने गिरवलेलं ते आता कुठे माझ्या हातात बसलं होतं. पाच चित्रं पाय हलत नाही, नुसता खांदा. मग एकदम सुटतो आणि कंबर पडते. स्क्रीनवर तो राक्षस चालायला लागला तेव्हा सगळे टेबलाभोवती जमले. कोणीतरी म्हणालं, क्या मस्त भैंस चल रही है. सगळे हसले. मीही हसले. जिने मला जेवायला वाढलं होतं, ती बाई तिथे चालत होती, आणि मी हसले.

गेल्या वर्षी गोखले रोडवरच्या एका स्टेशनरीच्या दुकानात वनिता भेटली. ती शाईच्या पेनाचं निब बघत होती, मी कागद घ्यायला गेले होते. वळून पळावंसं वाटलं. पण तिने पाहिलं होतं. "ए डोंबिवली," ती म्हणाली.

वागळे इस्टेटमध्ये ती ट्रेसर आहे. साहेबांनी काढलेले मशीनच्या भागांचे नकाशे पारदर्शक कागदावर शाईने उतरवायचे. काम बरं आहे, म्हणाली, डोकं लावायला लागत नाय, रेघेवर रेघ. आईबद्दल मी विचारलं. पाय तेव्हाच चिघळला होता, आता ती चिखलात उतरत नाही. स्वतःसाठी काही काढतेस का, असं मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं, की टीव्हीवर कार्टून संपल्यावर नावं येतात ना, ती भराभर जातात, पण मी वाचायला बसते, तुझं येतंय का बघायला.

मग तिने निब परत डबीत ठेवलं.

"एक बोलायचं होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी मी तुझ्यावर संशय घेतला. सगळ्यांसमोर आवाज चढवला. घरी गेल्यावर आई बोलली, अगो, ती पोर आपल्याकडे जेवून गेली, ती कशाला असं करेल? अक्षरं तिने चुकून लिहिली असतील, त्या साहेबांनीच काहीतरी उलटंसुलटं समजून घेतलं असेल. मला तेव्हाच यायचं होतं तुझ्याकडे. लाज वाटली गं. माफ कर मला."

दुकानदार आमच्याकडे बघत होता. माझ्या हातात कागदांचं बंडल होतं. बोलायला पुरेसा वेळ होता, आणि या वेळी समोर फक्त ती होती, आणि बोलायचं होतं तेही मराठीत.

मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "जाऊ दे गं. मी केव्हाच विसरले."

तिचे डोळे भरून आले. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि थँक्यू म्हणाली.