सरांनी झाकलेले प्रश्न

राऊत सर गेल्याचं मला देवळीच्या बसस्टँडवर कळलं. त्यांचा एक जुना विद्यार्थी समोरून आला आणि म्हणाला, "मॅडम, सर गेले... सकाळीच." सरांचं घर तिथून दहा मिनिटांवर. तरी मी आलेल्या बसमध्ये चढले, वर्ध्याला तंत्रनिकेतनात जाऊन माझे दोन तास घेतले. लोकांना ते खटकलं. खटकणारच. सरांची लाडकी विद्यार्थिनी म्हणून मला सगळे ओळखतात. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत मीही तसंच समजत होते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सर आम्हाला इंजिनिअरिंगला विद्युत यंत्रं शिकवायचे. वर्गात आम्ही दोनच मुली. एकदा प्रयोगशाळेतल्या मोटरचं रीडिंग पुस्तकाशी जुळेना. सगळ्यांनी पुस्तकातला आकडा उतरवून वहीवर सही करून घेतली. मी मात्र सरांच्या मागे लागले, की असं का? तीन दिवसांनी मीटरच चुकीचा आहे हे सिद्ध करून दाखवलं. सर खूश झाले. स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगत सुटले, "ह्या पोरीनं मले मीटर बदलाले लावलं!" असे गुरू सगळ्यांना मिळत नाहीत, हे मी आजही म्हणेन.

शेवटच्या वर्षी अमेरिकेत एम.एस.ला जायचं मी डोक्यात घेतलं. नागपूरला ग्रंथालयात बसून विद्यापीठांचे पत्ते उतरवले, टपालानं फॉर्म मागवले. बाबा आष्टीला तहसील कचेरीत कारकून. त्यामुळे हिशेब सरळ होता : असिस्टंटशिप, म्हणजे प्राध्यापकाच्या हाताखाली काम करून फी आणि खर्चाची सोय, मिळाली तर जायचं, नाही तर नाही. अर्जासोबत शिफारसपत्रं लागत. आमच्याकडची रीत अशी, की विद्यार्थ्यानं स्वतःच स्वतःची स्तुती लिहून न्यायची आणि प्राध्यापकांनी खाली सही करायची. मीही मसुदा घेऊन गेले. सरांनी तो न वाचताच परत दिला. "ठेव तुह्याजवळ. बाकीच्याईच्या पत्रावर मी सही करतो. तुह्यं मी सोता लिहीन." मी हवेत चालत घरी आले. सरांनी टाइपरायटरवर एकेक अक्षर शोधत ते पत्र लिहिलं, पाकिटं चिकटवली, जोडावर आडवी सही केली. पत्र विद्यार्थ्यानं पाहायचं नसतं. मी पाहिलं नाही.

तीन ठिकाणी प्रवेश मिळाला. मदत एकाही ठिकाणी नाही. माझ्यापेक्षा कमी गुणांचा, आमच्याच वर्गातला नितीन असिस्टंटशिप घेऊन गेला. प्रवेश मिळाला की मदत आपोआप मागून येते, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात गुण पाहून प्रवेश देणारे वेगळे, आणि स्वतःच्या प्रयोगशाळेसाठी माणूस शोधणारा प्राध्यापक वेगळा. हा माणूस एकट्यानं एखाद्या गोष्टीचा छडा लावेल का, हे तो शिफारसपत्रात शोधतो. हे मला फार उशिरा उमगलं. तेव्हा मी सरांनाच विचारलं होतं, कुठं कमी पडले? ते म्हणाले, "पत्र तं एक नंबर होतं. नशीब असते पोरी." मी विश्वास ठेवला. कित्येक वर्षं माझ्या इंग्रजीला दोष देत राहिले. गेटची परीक्षा दिली, शिष्यवृत्तीवर नागपूरला एम.टेक. केलं, नोकरीला लागले. आयुष्य वाया गेलं, असं मुळीच नाही.

दोन महिन्यांपूर्वी सर आजारी आहेत म्हणून भेटायला गेले. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, चहा ठेवला आणि नेहमीसारख्या आत निघून गेल्या. सरांनी मला कपाटातून एक जुनी फाइल काढायला लावली. पत्रांच्या कार्बन प्रती. "पाहाय, तुह्यं," ते अभिमानानं म्हणाले. मी वाचलं. नियमित. आज्ञाधारक. साधी राहणी, चांगल्या घरची. नको ते प्रश्न विचारत नाही. सांगितलेलं वाद न घालता ऐकते.

"सर, मी प्रश्न विचारत नव्हते?"

सर हसले. "तू? डोकं खाल्लं होतं माह्यं! पण ते काय लिहाचं असते का? पोरीच्या जातीले बरं दिसत नाई. झाकून घेतलं तुले."

त्याच्याच वर नितीनची प्रत होती. निर्भीडपणे प्रश्न विचारतो, असं तिच्यात होतं. चार वर्षांत नितीन तासाला एकदाही उठून उभा राहिला नव्हता. "त्यानं लिहून आणलं, मी सही केली," सर म्हणाले. "वाचते कोण?"

मी चहा संपवला, औषधं वेळेवर घ्या म्हणाले आणि निघाले. वैऱ्यानं केलं असतं तर भांडता आलं असतं. इथं ज्या माणसानं माझी हुशारी सगळ्यात आधी ओळखली, त्यानंच ती माझा दोष समजून लपवली, आणि वर माझ्यावर उपकार केल्याच्या समाधानात इतकी वर्षं राहिला... भांडायचं कसं?

तेरवीला मी गेले नाही. त्यानंतर आठवड्यानं गेले. काकूंनी सरांची खोली उघडली. "तुले काय पाहिजे ते घेऊन जाय. बाकी रद्दीत जाईल." मी फाइल काढून माझं पान सोडवलं.

"काय हाय वं त्याच्यात?"

मी एकेक ओळ मराठीत करून सांगितली. आज्ञाधारक. साधी. नको ते प्रश्न विचारत नाही. वाद घालत नाही. काकू ऐकता ऐकता खुर्चीत बसल्या. सरांच्या खुर्चीत त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"हे तुह्यावर हाय?" त्या हसायलाच लागल्या. "नाई वं बाई... हे तं त्यायनं माह्यावर लिहिलं."

मग कागद माझ्या हातातून घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिला. "काय भेटलं वं तुले याच्यावर?"

"काही नाही, काकू."

"हं. मले बी नाई."

त्यांनी त्याची नीट घडी घातली आणि सरांच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवून दिली. मी मागितली नाही.