न ओरडणारा दिवा

जगातलं प्रत्येक यंत्र आपल्या बायकोचं लक्ष पळवायला टपून बसलेलं आहे, असं ठामपणे मानणारा पुण्यात एकच माणूस आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. बिबवेवाडीतल्या त्यांच्या घरी बेल वाजत नाही. बाहेरचं बटण दाबलं की आत हॉलमध्ये एक दिवा मंद उजळतो आणि तो कुणाच्या नजरेला पडला तर दार उघडतं. नजरेला पडला नाही तर आपण उभे. एकदा मी आणि माझी बायको आंब्याची पेटी घेऊन असेच ताटकळलो होतो. दार उघडल्यावर बायको म्हणाली, "निदान फोन तरी उचलायचा, भाऊजी." साडू शांतपणे म्हणाले, "आंबे तेवढ्यात सडले का? नाही ना? मग या आत."

गंमत अशी की हे गृहस्थ जन्मभर घरगुती उपकरणांच्या कारखान्यात डिझाइन विभागात होते. कपडे धुऊन झाल्यावर वॉशिंग मशीन जी लांबलचक धून वाजवतं ना, तसली एक धून यांनीच बसवली होती आणि त्याबद्दल शाल-श्रीफळ घेऊन आले होते. आता तेच हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन घरोघर आपलं पाप फेडत हिंडतात. दिवाळीत आमच्याकडे फराळाला आले, चकलीचं कौतुक केलं आणि ते गेल्यावर लक्षात आलं की आमचा मायक्रोवेव्ह मुका झालाय. मी फोनवर विचारलं तर म्हणाले, "अन्न गरम झालं हे त्यानं एकदा सांगावं. दार उघडेपर्यंत टोमणे कशाला मारायचे?" कुकरला मात्र त्यांची माफी आहे. त्याच्या पोटात खरोखर वाफ असते, बाकीचे नुसते लाडावलेले, असं त्यांचं मत. तेव्हापासून ते येणार म्हटलं की माझी बायको मिक्सर कपाटात ठेवते.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण याच्या मुळाशी ताई आहेत. ताई म्हणजे साडूंची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. अलीकडे त्यांच्या मनातला धागा मधेच तुटतो. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलंय, साडू ते तोंडातून काढत नाहीत. कुठेही काही वाजलं की ताई हातातलं टाकून उठतात, वाजणाऱ्या वस्तूपाशी जातात आणि परत कशाला यायचं होतं ते विसरतात. फोडणी जळून जाते. लिफ्टमधला आवाज 'कृपया दरवाजा बंद करा' म्हणाला की ताई अदबीने 'लावते हं' म्हणतात आणि लावलेलं दार पुन्हा उघडून लावतात. म्हणून साडू त्यांना हात धरून जिन्याने वर आणतात. एकदा धापा टाकत मला म्हणाले, "तिच्याकडे लक्ष थोडंच उरलंय हो. तेही या डबड्यांनी खायचं?"

त्यांचा मुलगा वाघोलीला राहतो, आयटीत आहे. मुलगा वाईट नाही, उलट काळजीने पोखरलाय. ताईंकडून एकदा गॅस तसाच पेटता राहिला तेव्हापासून त्याचं एकच म्हणणं. "बाबा, सेफ्टीचा प्रश्न आहे. गॅस काढून टाकू, जेवणाचा डबा लावू. घरात कॅमेरे बसवतो आणि एक स्पीकर. मी ऑफिसमधून सांगत जाईन, आई हे कर, आई ते कर." साडू म्हणाले, "आणि तिनं काय करायचं? दिवसभर तुझं ऐकत बसायचं?" ज्या बाईने सगळं आयुष्य त्या ओट्यापाशी काढलं, तिला तिथून उठवलं तर ती उरलंसुरलंही विसरून जाईल, ही त्यांची खरी भीती. त्यांनी मुलाकडून मुदत मागून घेतली आणि एक दिवा तयार केला. एक ओट्यावर, त्याचाच जोड हॉलमध्ये. गॅस पेटला की दोन्ही केशरी होतात आणि जसजसा वेळ जाईल तसतसे हळूहळू प्रखर होत जातात. आवाज नाही, सूचना नाही. बघायचं त्याने बघावं.

दिवा झाला, पण साडूंची झोप गेली. हातात पेपर असे आणि डोळे दिव्यावर, पान म्हणून उलटत नसे. बायकोचं लक्ष राखण्यापायी या माणसाने स्वतःचं सगळं गहाण टाकलं होतं.

मुदत संपली त्या रविवारी मुलगा सकाळीच आला आणि आम्हीही गेलो. ताईंनी आपणहून गॅस बंद केला तर ओटा त्यांचा, नाहीतर उद्या शेगडी जाणार, असं बापलेकांत ठरलं होतं. ताईंनी चहासाठी दूध तापत ठेवलं आणि बाहेर येऊन बसल्या. माझ्या बायकोने लहानपणी त्यांच्या नव्या परकरावर शाई कशी सांडली, ते सांगायला लागल्या. हॉलमधला दिवा केव्हाच केशरी झाला होता. गोष्ट रंगत गेली, दिवा चढत गेला. ऐकत कुणीच नव्हतं. मुलगा अर्धवट उठला, तसा साडूंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्याला खाली बसवलं.

"आणि मग आईनं हिलाच..." म्हणता म्हणता ताईंची नजर दिव्यावर गेली. "थांबा हं," म्हणून त्या उठल्या. आत शेगडीचं बटण फिरल्याचा आवाज आला आणि दिवा विझला. साडूंनी चष्मा काढून उगाचच पुसला. मुलगा खाली बघत म्हणाला, "ठीक आहे, बाबा. राहू दे गॅस."

थोड्या वेळाने ताई चहाचा ट्रे घेऊन आल्या. मुलाचा कप बिनसाखरेचा, तो त्यांनी न चुकता वेगळा उचलून त्याच्यासमोर धरला. मग त्याच्याकडे बघून त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अरे, तू कधी आलास?"

मुलाने वडिलांकडे बघितलं. साडू म्हणाले, "आत्ताच आला."

"हो आई, आत्ताच," मुलगा म्हणाला आणि त्याने कप घेतला. ताईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि आलाच आहेस तर जेवूनच जा म्हणाल्या.