भंगारवाल्याचं वजन

आमच्या ह्यांचं भंगाराचं दुकान. उभ्या जन्मात ह्यांनी कुणाला काटा मारला नाही. तारा जाळून तांबं काढायचं, गंजके पत्रे कापायचे. तो धूर नि ती धूळ छातीत जाऊन बसली आणि फुप्फुसं कामातून गेली. मग अन्नावरची वासनाच उडाली. डॉक्टरांनी बजावलं, अंगावरचं मांस असंच झडत राहिलं तर श्वास ओढायलासुद्धा ताकद उरायची नाही, काहीही करून वजन टिकवा.

झालं, मी पदर खोचला. ताट गच्च भरायचं आणि पुढ्यात ठाण मांडून बसायचं. चार घासांत ह्यांना धाप लागायची. मी म्हणायची, पुरे झाले नखरे. ताटात उरलं की माझी रडारड सुरू. भरलं पोट खालून छातीलाच रेटतं, हे माझ्या बापाला तरी ठाऊक होतं का!

तपासणीला गेलो तर वजन चक्क वाढलेलं. पुढच्या खेपेला आणखी थोडं. डॉक्टर म्हणाले, जे करताय तेच चालू ठेवा. मी गल्लीभर सांगत सुटले. हातापायाच्या काड्या दिसत होत्या, पण भंगारवाल्याची बायको मी, डोळ्यांपेक्षा काट्यावर विश्वास.

मागच्या खेपेला दवाखान्यातून आलो आणि हे दारातच कोसळले. श्वास मोकळा व्हावा म्हणून पट्टा सोडला, तर पँटची कंबर खणकन फरशीवर आपटली. आतल्या बाजूला शिवलेल्या खिशांत लोखंडाचे तुकडे. ह्यांना मात्र मी एकटीने उचलून पलंगावर नेलं, लेकराला न्यावं तसं.

"का हो असं केलंत?"

"काटा वर गेला... की तू रडत नव्हतीस."

दुसऱ्या दिवशी ह्यांना घेऊन परत दवाखाना गाठला, डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. वजन घटतंय हे कळलं असतं तर जेवणाची रीतच बदलायला सांगितली असती, म्हणाले. थोडं थोडं, मऊ, मध्ये दम खाऊन. निघताना मी ह्यांना काट्याकडे न्यायला लागले, तर डॉक्टर हळूच म्हणाले, राहू द्या आता.

घरी चमच्याने भरवते. दुसऱ्या-तिसऱ्या चमच्याला हे तोंड फिरवतात आणि माझ्याकडे बघत राहतात. मी हसून वाटी खाली ठेवते. रडायचीसुद्धा चोरी झालीय मला.