पंचकाकूंनी वर केलेला हात

पंचकाकू माणसाच्या तोंडाकडे बघायच्याच नाहीत, हातांकडे बघायच्या. मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत नवी आले तेव्हा मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला त्यांनी मला वाण दिलं, नावगाव विचारलं आणि पुढच्याच आठवड्यात दुकानात ओळख दाखवली नाही. मी फळीवरचं पोह्यांचं पाकीट उचललं तेव्हा मात्र म्हणाल्या, "शुभा ना तू? डावखुरी." मला असल्या माणसांचं फार कुतूहल. कार्टीला नको तिथे नाक खुपसायची खोड आहे, असं माझी आई म्हणायची, आणि ते खरंच आहे. ही बाई आहे तरी कोण, याची चौकशी मी त्याच दिवशी सुरू केली.

तर काकू पोहण्याच्या शर्यतींमध्ये पंच होत्या. शनिवार-रविवार आला की पांढरी पँट, पांढरा टी-शर्ट घालून तलावाच्या काठावर उभ्या राहायच्या. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. मुलगा लहान असताना पोहण्याच्या क्लबमध्ये जायचा, तेव्हा तिथल्या आयांनी काकूंना केक विकायच्या टेबलावर बसवलं. काकू अंड्याला शिवत नसत. मग नुसत्या बसून काय करणार, म्हणून कुणीतरी त्यांच्या हातात स्टॉपवॉच दिलं. मुलाने दोन वर्षांत पोहणं सोडलं, काकूंनी काही काठ सोडला नाही. एका संक्रांतीला त्या शर्यतीवरून थेट हळदीकुंकवाला आल्या. आम्ही सगळ्या काळ्या साड्यांत आणि ह्या डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या. मंडळातल्या सुलभावहिनींनी कपाळाला हात लावला. काकू शांतपणे म्हणाल्या, "अगं, चेंज करत बसले असते तर तिळगूळ संपला असता."

मला घरी करमत नव्हतं, म्हणून मीही त्यांच्याबरोबर जायला लागले. गाडीत माझे प्रश्न संपायचे नाहीत आणि काकू एकेकाचं उत्तर द्यायच्या. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत. एक आधी आणि एक मागून लागला की पोरगी बाद, मग ती पहिली का येईना. काकूंचं काम तेवढंच, वळताना हात बघायचे आणि चूक दिसली तर आपला हात वर करायचा.

"आणि नीट दिसलं नाही तर?" मी विचारलं.

"तर संशयाचा फायदा पोहणाऱ्याला. पाहिलं तरच हात वर करायचा. वाटलं म्हणून नाही."

हाच न्याय काकू मंडळातही लावायच्या. कुणाची मुलगी कुणाबरोबर फिरते, कुणाचं घरात पटत नाही, असं काही कुणी रंगवून सांगायला लागलं की काकू हळूच विचारायच्या, "पाहिलंस की वाटलं?" सांगणारीचा चेहरा पडायचा आणि विषय हवापाण्यावर जायचा. माझी तर फार गोची व्हायची, कारण माझ्याकडच्या निम्म्या बातम्या वाटलेल्याच असायच्या.

मग एका उन्हाळ्यात इथेच, उत्तरेकडच्या एका शहरात, मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती आणि काकूंची तिथे पंच म्हणून निवड झाली. भारताचा संघ आधी आठवडाभर सरावाला आमच्या भागात उतरला होता. आता आपल्या लोकांचं कसं आहे, परमुलखात आपलं पोर दिसलं की त्याला जेवायला घातल्याशिवाय चैन पडत नाही. मंडळाने मुलंमुली घराघरांत वाटून घेतली. काकूंच्या वाट्याला सांगलीची अनघा आली. एकोणीस वर्षांची, अंगाने दणकट, बोलायला लाघवी. तिने चार थालीपिठं खाल्ली आणि पाचवं स्वतःहून मागून घेतलं. तलावातल्या औषधाच्या पाण्याने तिच्या केसांचा पार काथ्या झाला होता, म्हणून काकूंनी तिला खाली बसवून तेल लावून दिलं. तेव्हा ती सहज बोलून गेली, की उजवा खांदा फार दुखतो, डॉक्टर म्हणतात आता बस, ही माझी शेवटची मोठी स्पर्धा. मी तिथेच होते. मी तिचा फोन नंबर लिहून घेतला.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी पंचांना जागा वाटल्या. काकूंना सहावी लेन मिळाली, वळायच्या बाजूची. मुलींच्या शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या तिसऱ्या गटात सहाव्या लेनमध्ये अनघाचं नाव. काकू तडक मुख्य पंचांकडे गेल्या. ही मुलगी माझ्या घरी जेवली आहे, मला दुसरी लेन द्या, म्हणाल्या. तो उंच स्कॉटिश माणूस हसला. "जेवू घातल्यामुळे पंच बाद व्हायला लागले तर मला एकही पंच उरायचा नाही," असं म्हणून त्याने काकूंना परत पाठवलं.

आम्ही मिनीबस करून गेलो होतो, झेंडे घेऊन. अनघा काय सुटली होती म्हणून सांगू. पन्नास मीटर जाऊन वळली तेव्हा दुसरी होती आणि परत आली तेव्हाही दुसरी. पुढच्या फेरीत नक्की जाणार म्हणून आमची माणसं बाकांवर उभी राहिली. पण माझं लक्ष पलीकडच्या टोकाला होतं. तिथे एक पांढरी आकृती उजवा हात वर करून उभी होती. थोड्या वेळाने फलकावर सगळ्यांच्या नावांपुढे वेळ आली, अनघाच्या नावापुढे ती बाद झाल्याची अक्षरं आली. तिच्या कोचने तक्रार केली, ती फेटाळली गेली.

परतताना मिनीबसमध्ये सुलभावहिनींचे यजमान म्हणाले, "परक्यांनी केलं असतं तर समजलो असतो. आपल्याच बाईने पोरीला बुडवलं." कुणी त्यांना अडवलं नाही. त्या दिवाळीला काकूंनी आणलेल्या करंज्या डब्यात तशाच राहिल्या आणि त्यांच्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या. मीसुद्धा तिथे बसले नाही, याची मला आजही लाज वाटते.

जानेवारीत न राहवून त्यांच्याकडे गेले. काकू ओट्यापाशी कणीक मळत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शुभा, मी पाहिलं की मला वाटलं?"

मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले.

"डावा हात आधी लागला असं मी लिहून दिलं. तेव्हा पक्कं दिसलं होतं. पण ती माझ्याकडे जेवली होती ना गं. तिला झुकतं माप दिलं जाईल, ह्या भीतीने मी उलट्या बाजूला तर नाही ना झुकले? संशयाचा फायदा मी सगळ्या दुनियेला दिला, आणि त्या एका पोरीला नाही दिला, असं तर नाही ना झालं?"

"मग तिलाच विचारू या. माझ्याकडे नंबर आहे."

"नाही." त्यांनी कणकेचा हात तसाच माझ्या मनगटावर ठेवला. "ती खाल्ल्या मिठाला जागेल. काकू, तुमचंच बरोबर होतं, म्हणेल. मोठ्या बाईला बरं वाटावं म्हणून बोललेलं घेऊन मी काय करू? तू तिला विचारलंस तर माझी शपथ आहे."

काकूंनी पंचाचं काम सोडलं. पांढरे कपडे चॅरिटी शॉपला देऊन टाकले. माझ्याशी पूर्वीसारख्या बोलायच्या, पण बोलता बोलता मधेच थांबायच्या, आणि त्या मनाने कुठे पोचल्या आहेत ते मला कळायचं. तीन वर्षांनी त्या गेल्या. छातीत दुखलं ते निमित्त झालं.

दिवसकार्य झाल्यावर मी अनघाला फोन लावला. शपथ घालणारीच राहिली नाही, आता कसली शपथ, असं मी मनाला समजावलं. अनघा सांगलीत लहान मुलांना पोहायला शिकवत होती. काकू गेल्याचं सांगितलं आणि मग आडपडदा न ठेवता विचारलं.

तिने आधी काकूंना काय झालं होतं ते विचारलं. मग म्हणाली, "मावशी, डावा आधी लागला होता. उजवा खांदा पुढे जाईचना. भिंतीला हात लागला तेव्हाच मला कळलं होतं."

"मग तुझ्या कोचने तक्रार कशी केली?"

"त्यांना मी खोटं सांगितलं. तेव्हा धीर झाला नाही. पण काकूंशी नसते बोलले खोटं. वाटायचं, त्यांचा फोन येईल, मग सांगून टाकू. स्वतःहून करायची लाज वाटायची. खूप वाट बघितली मी. तुम्ही तरी का नाही हो विचारलंत?"

जन्मभर मी नको त्या चौकशा केल्या. फोन कानाशी धरून मी नुसती रडत राहिले.